विद्यार्थ्यांनी निवडलेला साहित्य पुरस्कार कसा सुरू करावा आणि लेखकाला कसा द्यावा

फ्रान्समध्ये १९८८ पासून सुमारे दोन हजार शालेय विद्यार्थी दरवर्षी गोंकूर या तिथल्या मानाच्या साहित्य पुरस्काराच्या यादीतील कादंबऱ्या दोनेक महिन्यांत वाचून काढतात, वर्गांत त्यांवर वाद घालतात आणि आपला स्वतंत्र विजेता जाहीर करतात. बहुतेक वर्षी त्यांची निवड ज्येष्ठ परीक्षकांच्या निवडीपेक्षा वेगळी असते. ज्या नाशिकमध्ये १८४० पासून सार्वजनिक वाचनालय उभे आहे आणि जे कुसुमाग्रजांचे गाव म्हणून ओळखले जाते, तिथे असा पुरस्कार अगदी पाच शाळांच्या बळावर सुरू करता येईल. त्याची रीत पुढे मांडली आहे.

प्रथम शाळा आणि इयत्ता ठरवाव्यात. दहावी आणि बारावीच्या मुलांवर बोर्डाच्या परीक्षेचे ओझे असते, म्हणून नववी आणि अकरावीचे विद्यार्थी घ्यावेत. पाचही शाळा गंगापूर रोड परिसरातल्याच नसाव्यात. सिडको किंवा नाशिकरोडची एक, निफाड किंवा सिन्नरची एक आणि पेठ किंवा सुरगाण्याची एक आश्रमशाळा अवश्य असावी. ग्रामीण संवाद खोटे वाटतात की खरे, हे शहरातल्या मुलापेक्षा सुरगाण्याची मुलगी लवकर ओळखते आणि परीक्षक मंडळाला नेमक्या अशाच कानांची गरज असते. प्रत्येक शाळेतून तीस विद्यार्थी पुरेसे आहेत, मात्र त्यांत केवळ पहिल्या क्रमांकांची मुले भरू नयेत.

त्यानंतर सहा पुस्तकांची यादी करावी. हे काम मोठ्यांचे आहे आणि त्यांचा अधिकार इथेच संपतो, हे पहिल्याच बैठकीत लिहून ठेवावे. एक ग्रंथपाल, दोन मराठीचे शिक्षक आणि एक पुस्तकविक्रेता अशी चौघांची समिती चालते. मागील वर्षात प्रथम प्रकाशित झालेली मराठी कादंबरी किंवा कथासंग्रह, शक्यतो अडीचशे पानांच्या आत, अशी अट ठेवावी. मुलांना झेपणार नाही या भीतीने चांगले पुस्तक वगळू नये. ते झेपले नाही, तर मुले तसे सांगतील आणि तेही मतच आहे. यादी जाहीर करण्यापूर्वी सहाही लेखकांची संमती घ्यावी आणि निवड झाल्यास नाशिकला येऊन मुलांशी बोलण्याची त्यांची तयारी आहे का, हे विचारून घ्यावे.

प्रतींचा हिशोब सोपा आहे. प्रत्येक शाळेला प्रत्येक पुस्तकाच्या पाच प्रती दिल्या की तीस मुलांच्या हाती एकाच वेळी तीस पुस्तके असतात. दर पंधरा दिवसांनी अदलाबदल केली की बारा आठवड्यांत प्रत्येकाची सहाही पुस्तके वाचून होतात. पाच शाळांना एकूण १५० प्रती लागतील आणि सरासरी किंमत २५० रुपये धरली तर खर्च ३७,५०० रुपये येईल. प्रती शक्यतो विकत घ्याव्यात, कारण वाचनालयाच्या पुस्तकावर खूण करता येत नाही. इथे मात्र समासात पेन्सिलीने लिहिण्याची मुलांना मोकळीक द्यायची आहे.

अकरावीचे प्रवेश लांबतात, म्हणून वाचन ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी सुरू करावे. ते ऑक्टोबरअखेर संपते आणि मागे राहिलेल्यांना दिवाळीची सुट्टी मिळते. सारांश लिहून आणायला सांगू नये, गुण देऊ नयेत.

चर्चा सुट्टीनंतर, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात घ्यावी. या पुरस्काराचा कस इथे लागतो, म्हणून प्रत्येक पुस्तकाला पूर्ण एक तासिका द्यावी. सुरुवातीला कोणीही 'आवडले' किंवा 'आवडले नाही' असे म्हणू नये. प्रत्येकाने आपण खूण केलेला एक परिच्छेद मोठ्याने वाचावा आणि तो का निवडला, एवढेच सांगावे. आक्षेपांची फेरी त्यानंतर घ्यावी. या क्रमाने बुजरी मुलेही बोलू लागतात, कारण मत मांडण्यापेक्षा वाचून दाखवणे सोपे असते आणि वाचून दाखवताना मत आपोआप बाहेर येते. शिक्षकांनी मागच्या बाकावर बसावे आणि बोलू नये. हे त्यांना कठीण जाते. तरीही एखाद्या पुस्तकाविषयी सरांचे किंवा बाईंचे मत एकदा कळले की अर्धा वर्ग तिकडे झुकतो, त्यामुळे हा नियम मोडू देऊ नये. शेवटी सहाही पुस्तके वाचलेल्या मुलांनीच चिठ्ठीवर तीन नावे क्रमाने लिहावीत आणि त्यांना तीन, दोन व एक असे गुण धरावेत. हात वर करून मतदान घेऊ नये.

डिसेंबरच्या मध्यास प्रत्येक शाळेचे दोन, असे दहा प्रतिनिधी एका खोलीत बसतील. त्यांनी आपल्या शाळेची बाजू मांडावी, पण दुसऱ्या शाळेचे म्हणणे पटले तर मत बदलण्याची त्यांना मुभा असावी; ती नसेल तर ही बैठक केवळ बेरीज ठरेल. मतदान पुन्हा चिठ्ठीने घ्यावे आणि समान गुण पडले तर त्या दोन पुस्तकांवर पुन्हा चर्चा करावी. निकाल वर्तमानपत्रांना कळवण्याआधी सहाही लेखकांना दूरध्वनीवरून सांगावा. पुरस्कार न मिळालेल्या लेखकांना तो बातमीतून कळणे योग्य नाही.

समारंभासाठी २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन सर्वांना प्रथम आठवतो, कारण तो कुसुमाग्रजांचा जन्मदिवस आहे. परंतु त्या सुमारास शाळा बोर्डाची परीक्षा केंद्रे झालेल्या असतात. त्याऐवजी १४ ते २८ जानेवारी या मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यातील एखादा शनिवार घ्यावा. हजार खुर्च्यांचे नाट्यगृह नको. शाळेचे सभागृह बरे, कारण तिथे लेखकाला मुलांचे चेहरे दिसतात. लेखक नागपूरहून रात्रभर प्रवास करून येणार असेल, तर त्याचे तिकीट आणि राहण्याची सोय आयोजकांनी आधीच करावी आणि पुरस्काराच्या रकमेचा धनादेश त्याच दिवशी हाती द्यावा.

मानपत्र विद्यार्थ्यांनीच लिहावे. दोनशे शब्द पुरेत आणि त्यातील प्रत्येक वाक्य पुस्तकातील एखाद्या प्रसंगाशी जोडलेले असावे. कोणत्याही लेखकाला लागू पडणारे विशेषण दिसले की खोडावे. पाहुण्यांची भाषणे सर्व मिळून वीस मिनिटांत आटोपावीत आणि उरलेला दीड तास लेखक व मुलांसाठी मोकळा ठेवावा. प्रश्नांची तयारी आदल्या आठवड्यात करून घ्यावी. 'लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली' हा प्रश्न लेखकाने शंभरदा ऐकलेला असतो. त्यापेक्षा अमुक पानावरची आई घरी परत का आली, असे विचारले तर तो थांबून विचार करतो. ज्या मुलांना हे पुस्तक आवडले नाही, त्यांनाही एक प्रश्न विचारू द्यावा आणि याची कल्पना लेखकाला आधी द्यावी.

शाल-श्रीफळासोबत लेखकाच्या हाती त्याच्याच पुस्तकाची शाळाशाळांत फिरलेली एक प्रत द्यावी: कोपरे दुमडलेली, समासात पाच-सहा हस्ताक्षरांत पेन्सिलीने प्रश्न लिहिलेली, आत वाचणाऱ्या मुलांची नावे असलेली. उरलेल्या प्रती शाळांच्या ग्रंथालयांत जमा कराव्यात आणि त्यांतील पेन्सिलीच्या खुणा खोडू नयेत.