टक्क्यांचं गणित करताना आधी विचारा, कशाचे टक्के?

माझ्याकडे नववी-दहावीची मुलं शिकायला येतात. त्यांची टक्क्यांची गणितं चुकतात ती गुणाकार येत नाही म्हणून नाही, तर टक्के नक्की कशावर काढायचे हेच बघत नाहीत म्हणून.

आता हेच बघा, २० टक्के सूट मिळून ड्रेस ६४० ला पडला, तर मूळ किंमत किती? पोरं लगेच ६४० चे २० टक्के काढतात, १२८, ते मिळवतात आणि ७६८ लिहून मोकळी होतात. अरे पण सूट छापील किमतीवर मिळाली ना, ६४० वर नाही! १०० तले २० गेले, राहिले ८०, म्हणजे ६४० हे ८० टक्के झाले, मग १ टक्का म्हणजे ८ रुपये आणि १०० टक्के म्हणजे ८००. झालं. मला तर हे १ टक्का काढून पुढे जाणं सूत्रापेक्षा कितीतरी बरं वाटतं, कारण परीक्षेत सूत्र विसरलं तरी हे विसरत नाही.

तसंच ५०० वर २० टक्के वाढले की ६००, आणि आता त्यातून २० टक्के कमी केले तर परत ५०० येत नाहीत, ४८० येतात, कारण दुसऱ्या वेळचे २० टक्के ६०० चे आहेत.

तोंडी करायचं तर १० टक्के आधी काढा, ५ टक्के त्याचं निम्मं. ८४० चे १५ टक्के म्हणजे ८४ अधिक ४२, १२६.

सरासरीत कायम एकूण बेरजेकडे जा. चार चाचण्यांत २० पैकी सरासरी १५ आहे, पाचवीनंतर १६ हवी, तर किती मार्क पाहिजेत? पाचांची बेरीज ८० हवी, हातात ६० आहेत, म्हणजे पैकीच्या पैकी २० पाडावे लागतील!

मध्यक, म्हणजे मधोमध येणारी संख्या, काढायला मात्र आधी संख्या चढत्या क्रमाने लावा, प्लीज. पाच मॅचचे रन ४५, ०, ९८, १२, ४५ असे दिले की मधला ९८ उचलून लिहितात. नीट लावा: ०, १२, ४५, ४५, ९८. मध्यक ४५, बहुलक (सगळ्यात जास्त वेळा आलेली संख्या) पण ४५, आणि मध्य (म्हणजे सरासरी) २०० भागिले ५ म्हणजे ४०. इथे शून्य सोडून चारने भागू नका, शून्य रन काढलेली मॅच पण मॅचच आहे.