हवा टिकते म्हणून टायर चांगला? कापलेला टायर तपासताना या चुका टाळा

कापूस वेचून झाला की वावरात पऱ्हाटीचे खुंट उरतात. तुरीचे खुंट त्याहून वाईट: विळ्याने तिरपे कापलेले आणि उन्हात वाळून कडक झालेले. त्यांच्यावरून ट्रॅक्टर, पिकअप किंवा मोटरसायकल गेली की टायर चिरतो, पण हवा लगेच जात नाही. मग माणूस म्हणतो, हवा टिकून आहे, चालू द्या. सर्वांत महागात पडते ती हीच चूक.

हवा धरून ठेवणे हे ट्यूबचे काम, ट्यूबलेसमध्ये आतल्या पातळ थराचे. भार पेलतात ते रबरात पुरलेले धागे. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या टायरमध्ये ते बहुधा नायलॉनचे असतात. कारच्या रेडियल टायरमध्ये नक्षीखाली पोलादी तारा आणि बाजूच्या भिंतीत बारीक धागे असतात. धागे शाबूत आहेत की तुटले, यावरच टायरचा निकाल लागतो.

न धुता पाहणे. काळी माती चिरेत भरून वाळली की चीर दिसतच नाही. आधी टायर पाण्याने आणि ब्रशने धुवा, वाळू द्या, चाक जॅकवर उचलून हळूहळू पूर्ण फिरवा. चीर सापडली की बोथट स्क्रू ड्रायव्हरने तिच्या कडा अलगद फाकवा. तळाला नुसते काळे रबर दिसले तर जखम वरवरची आहे. खडूने खूण करून आठवड्याने पुन्हा पाहा. तळाला पांढरट दोरा, कापडासारखी वीण किंवा गंजलेली तार दिसली तर तो टायर रस्त्यासाठी संपला. तारेपर्यंत पाणी पोहोचले की गंज आतल्या आत पसरतो आणि वरचे रबर तारेपासून सुटू लागते.

फुगा आणि खळगा यांत गल्लत. रेडियल टायरच्या बाजूला कधी कधी आत दबलेली उभी रेघ दिसते. तिथे धाग्यांचा जोड असतो, त्यात धोका नाही. बाहेर आलेला फुगा मात्र वेगळा. खड्ड्याच्या कडेवर किंवा गिट्टीवर चाक जोरात आदळले की भिंत रिमवर चिमटते, धागे तुटतात आणि हवा तिथून रबर बाहेर ढकलते. फुगा सुपारीएवढा असला तरी टायर बदलायचा. हवा कमी केल्याने तो लपतो, बरा होत नाही.

बाजूचे पंक्चर काढून घेणे. दुरुस्ती फक्त नक्षीच्या मधल्या भागात टिकते, तीही भोक 6 मिमीपर्यंत असेल तर. खांद्याला, म्हणजे नक्षी जिथे भिंतीला मिळते त्या कडेला, आणि भिंतीला दर फेऱ्यात वाक येतो. तिथला पॅच सुटतो. बाहेरून दोरी भरली की काम झाले असे समजू नका. टायर रिमवरून उतरवून आतून पाहावा, भोक भरून आतून पॅच लावावा. बाभळीच्या काट्याची ट्यूबलेसमध्ये वेगळीच तऱ्हा: काटा मोडून आत राहतो आणि हवा इतकी हळू जाते की चार दिवसांनी कळते. साबणाच्या पाण्याने बुडबुडा शोधा आणि ती जागा खुणेने धरून ठेवा.

ट्यूबलेसमध्ये ट्यूब टाकून वेळ भागवणे. चिरलेल्या भिंतीला ट्यूब आधार देत नाही. उलट ती चिरेतून बाहेर डोकावते, घासते आणि एकदम फुटते. टायरच्या आतून जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे गेटर, लावला तरी तेच: तो गरम होतो, सरकतो आणि ट्यूब खातो.

बसलेल्या टायरवर गाव गाठणे. हवा गेलेली असताना एक-दोन किलोमीटर गाडी रेटली तर भिंत रिम आणि रस्ता यांच्यामध्ये दळली जाते. टायर उतरवल्यावर आत काळी भुकटी किंवा भिंतीवर गोल घासलेला पट्टा दिसला तर त्यात पुन्हा हवा भरू नका. असा टायर हवा भरतानाच फुटू शकतो. शंका असलेल्या टायरमध्ये हवा थोडी थोडी भरावी, भिंतीसमोर न थांबता नक्षीच्या बाजूला उभे राहावे, आणि कटकट आवाज आला की पंप ताबडतोब बंद करून दूर व्हावे.

उन्हाळ्यात मुद्दाम हवा कमी ठेवणे. मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याकडे पारा 45 अंशांपुढे जातो, म्हणून हवा काढण्याची सवय अनेकांना आहे. कमी हवेत भिंत जास्त वाकते आणि त्यातूनच उष्णता वाढते. जखमी टायर अशा वेळी समृद्धीसारख्या सलग वेगाच्या रस्त्यावर दगा देतो. हवा सकाळी, टायर थंड असताना, गाडीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. चालून तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसणारच; तो पाहून हवा सोडू नये.

भिंतीवर डीओटी (DOT) अक्षरांच्या ओळीत शेवटी चार अंक असतात, त्यावरून टायर कधी बनला ते कळते: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी जुने रबर चिरेला लवकर वाट देते. कारच्या नक्षीची खोली 1.6 मिमीवर आली, म्हणजे खाचेतल्या उंचवट्याला टेकली, की जखम नसली तरी टायर बदला.

जखम वरवरची ठरली आणि तालुक्याला जाणे भागच असेल, तर आधी माल आणि माणसे कमी करा, 40 च्या आत चालवा. दहा किलोमीटरवर थांबून त्या टायरला आणि त्याच्या जोडीच्या टायरला हात लावून पाहा. जखमी टायर जास्त तापला असेल तर तिथेच स्टेपनी चढवा. मोटरसायकलच्या पुढच्या चाकाला मात्र ही सवलत देऊ नका. पुढचा टायर फुटला तर हँडल हातात राहत नाही.

नक्षी गेलेला पण धागे शाबूत असलेला टायर बंडीला लावता येतो, कारण बैलांच्या चालीला रबर तापत नाही. फुगा आलेला टायर तिथेही नको. तो भंगारात देण्याआधी भिंत कापून टाका, म्हणजे कुणी विकत घेऊन ट्रॉलीला चढवणार नाही.