राजस्थानात संसार थाटायचा? आधी मे महिन्यात जाऊन या

परवा नणंद विट्याला आली ती थेट माझ्या स्वयंपाकघरातच येऊन बसली. तिच्या मुलीला स्थळ आलंय. मुलगा आपल्या खानापूर तालुक्यातलाच, पण गलाईचं दुकान बिकानेरला. "वहिनी, तू एकोणीस वर्षं काढलीस तिकडं. पोरगी त्या वाळवंटात देऊ का नको, एका शब्दात सांग."

एका शब्दात सांगण्यासारखं ते नाही. आमच्या खानापूर-आटपाडीकडची सोनं-चांदी गाळणारी, म्हणजे गलाईवाली, माणसं भारतभर पसरलीत, त्यामुळे हा प्रश्न दर लग्नसराईत कुणाच्या तरी घरी निघतोच. मी २००४ साली लग्न होऊन जोधपूरला गेले, २०२३ ला सासूबाईंच्या आजारपणात परत आले. तेव्हा हिशेब कसा मांडायचा, ते लिहूनच देते.

पहिलं विचारायचं ते गाव कुठलं. राजस्थान म्हटलं की आपल्याकडं सगळ्यांच्या डोळ्यांपुढं उंट येतो. पण मध्ये अरवलीची रांग आडवी आहे. तिच्या पश्चिमेला जोधपूर, बाडमेर, बिकानेर, जैसलमेर, हे खरं वाळवंट. पूर्वेला कोट्यात चंबळ बारमाही वाहते आणि उदयपुरात तर तळीच तळी. आपल्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर आणि माण एकत्र नांदतात, तसंच ते. माझं माहेर माण तालुक्यातलं, म्हणून मला हे पटकन कळलं. उदयपूरचं स्थळ असतं तर नणंदेला म्हटलं असतं, डोळे झाकून दे.

आता ऊन. फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश झालं होतं. जोधपुरापासून ते दीडशे किलोमीटरच्या आतच. हा आकडा ऐकून माणसं घाबरतात, पण मी म्हणते अंश मोजू नका, मजला मोजा. माझा पहिला मे आम्ही वरच्या मजल्यावर काढला, डोक्यावर थेट दगडी फरशीचं छत. रात्री अकराला भिंतीला पाठ लावली तर तव्याजवळ बसल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात लू, म्हणजे उन्हाची झळ, लागली. ताप, उलट्या, डोळे उघडेनात. खालच्या मजल्यावरच्या माजीसांनी, म्हणजे तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी, कैरी भाजून तिचं पाणी पाजलं, कपाळावर ओली ओढणी ठेवली आणि आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, असं काही झापलं की पुढच्या महिन्यात आम्ही तळमजल्यावर आलो. त्याच गल्लीतलं, त्याच दगडाचं घर, पण जाड भिंती आणि वर दुसऱ्याचं बिऱ्हाड. निम्मा उन्हाळा तिथंच कमी झाला. तेव्हा मुलगा काय कमावतो याआधी राहतो कितव्या मजल्यावर ते विचारा.

तिथल्या उन्हात एक फसवणूक आहे. हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, आल्याआल्या उडून जातो. कोकणात गेलं की माणूस चिकचिकतो, त्याला कळतं. तिथं कळत नाही आणि दुपारपर्यंत लघवी पिवळी होते. तहान लागायची वाट न बघता प्यायचं. ताक, कैरीचं पाणी, ज्वारी-बाजरीची राब (आपली आंबील), काहीही. बाहेर पडताना खिशात कांदा ठेवायची तिथं रीत आहे. त्याने लू थांबते का, देव जाणे. पण माजीसा दारात उभ्या राहून कांदा दिल्याशिवाय सोडायच्या नाहीत आणि मीही कधी नको म्हटलं नाही.

पण याच कोरड्या हवेमुळे कूलर तिथं खरा चालतो. पाण्याचा कूलर साधारण दोनशे वॉटवर चालतो, एसी दीड हजाराच्या आसपास खातो. बिलात तो फरक बोलतो. मात्र श्रावणात हवा दमट झाली की कूलर नुसता ओला वारा फेकतो, तेवढे दीड-दोन महिने चरफडत काढायचे.

आणि काम काय, हे उन्हाइतकंच महत्त्वाचं. गलाई म्हणजे भट्टी. सोनं १,०६४ अंशाला वितळतं, चांदी ९६२ला. बाहेर पंचेचाळीस आणि पुढ्यात लाल झालेली मूस, वर तेजाबाचा धूर. आमचे मालक मेमध्ये पहाटे चारला भट्टी पेटवायचे, दहाला विझवायचे आणि पुन्हा संध्याकाळीच शटर उघडायचे. ज्या दुकानदाराला हे वेळापत्रक पाळता येतं त्याचं निभतं. दुपारी भट्टीसमोर बसावंच लागतं अशी ज्याची गिऱ्हाइकं, त्याच्या मुलाला मी तरी मुलगी देणार नाही. धुराडं नीट आहे का, तेही बघून या. मुलाकडचे सांगणार नाहीत, तुम्ही वर मान करून बघा.

पाण्याचं मला भय नव्हतं. माहेरी टँकरमागं हंडा घेऊन धावलेली मी. जैसलमेरला वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर, जोधपूरला त्याहून बरा, जवळजवळ आपल्या दुष्काळी पट्ट्यासारखाच. नवल हे की तिकडची शहरं तहानेली नाहीत. पंजाबात सतलज आणि बियास मिळतात तिथल्या हरिके बंधाऱ्यापासून इंदिरा गांधी नहर, म्हणजे कालवा, निघते आणि थरच्या वाळूतून शेकडो किलोमीटर चालत येते. तिच्यातून उपसलेलं पाणी जोधपूरच्या कायलाना तलावापर्यंत पोचतं. आपल्याकडं टेंभू योजनेचं पाणी वर चढवून आणलं, तोच प्रकार, फक्त पसारा अवाढव्य. पण दर उन्हाळ्याच्या तोंडाला दुरुस्तीसाठी नहरबंदी होते. तेव्हा नळ दिवसाआड, कधी त्याहून लांबतो. म्हणून घर बघताना नळ बघू नका, टाका बघा. टाका म्हणजे जमिनीखालचा हौद. मोठा, झाकणाचा आणि आतून गिलावा न फुटलेला असेल तर नहरबंदी कळतही नाही. बोअरच्या पाण्यावरचं घर असेल तर सावध राहा. नागौरकडं पाण्यात फ्लोराइड इतकं की माणसांचे दात पिवळे-तपकिरी पडलेले मी पाहिलेत.

पाण्यातली एक गंमत सांगते. गच्चीवरची टाकी मेमध्ये अशी तापते की दुपारच्या नळाखाली हात धरवत नाही. मग गीझर बंद करून ठेवायचा आणि अंघोळीला त्यातलं पाणी घ्यायचं. गीझरच्या टाकीला आतून वेष्टण असल्यामुळे रात्री भरलेलं पाणी दुपारपर्यंत गारच राहतं. म्हणजे हिवाळ्यात गरम पाण्याला गीझर आणि उन्हाळ्यात गार पाण्यालाही गीझरच. आमच्या मालकांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, लू परत लागली हिला.

धुळीचं मात्र मला कधीच जमलं नाही, ते कबूल करते. दुसऱ्या वर्षी अक्षय्य तृतीयेला पुरणपोळ्या करत होते. तिकडं त्या दिवशी खीच करतात, पण मी हट्टाने पुरण घातलेलं. पश्चिमेकडून आकाश आधी पिवळं झालं, मग विटकरी, आणि मी खिडकीकडं जाईपर्यंत आंधी घरात. पाच मिनिटांत पाटावर बोट फिरवलं तर रेघ उमटावी इतकी बारीक वाळू. पोळ्या दिसायला छान, तोंडात टाकली की करकर. सगळं पुरण गायीला. त्यानंतर एप्रिल ते जून दाराच्या फटीला ओला टॉवेल आणि पिठाच्या डब्याला दुहेरी झाकण. घरात कुणाला दमा असेल तर बाकीचा हिशेब मांडूच नका, इथंच थांबा.

आता दुसरं पारडं, कारण ते हलकं नाही. आमच्या सासूबाईंचे गुडघे इथं पावसाळ्यात जिना चढू देत नव्हते, तिथं त्या रोज मंदिरात चालत जायच्या. कपडे अर्ध्या तासात वाळतात. कुरडया-पापड एका दिवसात खडखडीत, बुरशी हा शब्दच विसरायचा. बाजरीची भाकरी तिकडंही आहे, सोगरा म्हणतात, तूप मात्र आपल्या दुप्पट. केर-सांगरीची भाजी पहिल्यांदा नावडते, तिसऱ्यांदा मागून घेतली जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तर असे दिवस असतात की गावाकडची आठवण येऊ नये. थंडी मात्र खरी पडते. चुरूकडं पारा शून्याखाली जातो. लग्नात आलेल्या रजया वाटून टाकू नका.

आणि पूर नाही म्हणून तिकडं बरं, असंही म्हणवत नाही, जोधपूरची गल्लीसुद्धा जोराच्या पावसात तुंबते. पण २०१९ च्या ऑगस्टात आम्ही टीव्हीपुढं बसून सांगलीत शिरलेलं कृष्णेचं पाणी बघत होतो, तेव्हा माजीसांनी विचारलं, "थारे तो अकाल पड़तो हो नी?" म्हणजे, तुमच्याकडं तर दुष्काळ पडायचा ना? तीनच वर्षांपूर्वी मी त्यांना कौतुकाने सांगितलं होतं की आमच्या मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, आणि त्या पाण्याच्या रेल्वे-वाघिणी तुमच्याच कोट्याहून आल्या होत्या.

माणसांची चिंता करू नका. गलाईवाल्यांची चार घरं असतातच, गणपती बसतो, हळदीकुंकू होतं. मुलं घरात मराठी आणि गल्लीत मारवाडी बोलतात. मराठी वाचायला मात्र आईनेच शिकवायचं, शाळा शिकवणार नाही. मी आळस केला. माझा मुलगा आज पाटी वाचतो, पण पत्र वाचताना अडखळतो.

तर करायचं काय? स्थळ बघायला दिवाळीत जायचं नाही. दिवाळीत तर बाडमेरही महाबळेश्वर वाटतं. सोनार कसोटीवर घासल्याशिवाय सोनं घेत नाही, तसं गाव मेच्या तिसऱ्या आठवड्यात घासून बघायचं. मिरजेवरून बेंगळुरू-जोधपूर गाडी आहे, आठवड्यातून ठरावीक दिवशीच, म्हणून तिकीट आधी काढा. हॉटेलात उतरू नका, तिथं एसीत काही कळत नाही. ओळखीच्या गलाईवाल्याकडं चार दिवस राहा. दुपारी बारा ते चार मुलीने एकटीने त्या घरात बसावं, वाटल्यास भाकरी करून बघावी. टाक्याचं झाकण उघडून आत डोकवावं. शेजारणीला विचारावं, गेल्या नहरबंदीत टँकर किती मागवले. चौथ्या दिवशी रात्री मुलीला एवढंच विचारा, झोप लागते का.

नणंदेने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि त्यांनी विचारलं, लग्नाआधी मुलगी कशाला आणलीत, तर?"

"सांग, वहिनीने पाठवलंय. माझ्याशी बोला म्हणावं."

दोघींचं तिकीट काढलंय. पिशवीत कांदे मी घालून देणार आहे.