आखाडात बोकड कापताना काळजावरचा फोड कुत्र्याला घालू नका

आखाड लागला की वाडीवस्तीवर बोकडं पडतात. श्रावण तोंडावर, पाव्हणे आलेले, त्यामुळे कापणी बहुधा परड्यात नाहीतर बांधावरच होते. पोट फाडल्यावर कधी काळजावर (म्हणजे यकृतावर), कधी फुप्फुसावर पांढुरका, टणक फोड दिसतो. बोराएवढा, लिंबाएवढा. सुरी लागली की स्वच्छ पाणी उडतं, आत बारीक वाळूसारखे कण असतात. "पाण्याचा फोड हाय, टाक तिकडं," म्हणून तो तुकडा भिरकावला जातो. कुत्रं वाट बघत बसलेलंच असतं.

हा हायडॅटिडचा फोड, म्हणजे टेपवर्म या चपट्या जंताच्या पिल्लांची पिशवी. त्यातल्या एकेका कणापासून कुत्र्याच्या आतड्यात एकेक टेपवर्म तयार होऊ शकतो. तो जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा, त्यामुळे डोळ्यात भरत नाही, आणि कुत्रंही ठणठणीत दिसतं. सहा-सात आठवड्यांत त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात. ती गवतावरून शेळ्या-मेंढ्यांच्या, गाई-म्हशींच्या पोटात जातात. मेथी-कोथिंबिरीवरून, पाण्यातून, कुत्र्याच्या केसांवरून आपल्या. कडक उन्हात अंडी लवकर मरतात, पावसाळी ओलीत मात्र महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून हे आत्ताच सांगतोय.

एक गैरसमज आधी काढून टाका. हा रोग मटण खाऊन होत नाही. फोड असलेलं काळीज शिजवून खाल्लं तरी तो होत नाही, तरीही तो भाग खाऊ नये. माणसाला लागण होते ती कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांमुळे. मग काळजात किंवा फुप्फुसात फोड वर्षानुवर्षं गुपचूप वाढतो. उजव्या बरगडीखाली जडपणा किंवा गाठ वाटली, खोकला हटेना, तर पोट चोळून घेऊ नका. फोड आत फुटला तर जिवावर बेतणारी ॲलर्जी येऊ शकते. सोनोग्राफी करा, छातीचा एक्स-रे काढा. गोळ्या आहेत, ऑपरेशन आहे, माणूस बरा होतो.

पावसाळ्याच्या तोंडावर आपण शेरडामेंढरांना जंताचं औषध आठवणीनं पाजतो. राखणीच्या कुत्र्याला कोण पाजतं? मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, कारण साखळी तोडायची सोपी जागा तीच आहे. मेंढरांचं उरलेलं आयव्हरमेक्टिन या टेपवर्मवर चालत नाही. प्राझिक्वांटेल असलेली गोळी लागते. साधारण दहा किलो वजनामागे ५० मिलिग्रॅम, पण कुत्र्याचं वजन सांगून पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच मात्रा ठरवून घ्या. वर्षातून निदान चार वेळा द्या. गोळीनं जंत मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून दोन दिवस कुत्रं बांधून ठेवा आणि विष्ठा फावड्यानं गोळा करून जाळा किंवा खोल पुरा.

कुत्र्याला हात लावल्यावर, विशेषतः पोरांनी, साबणानं हात धुवावेत. पालेभाजी वाहत्या पाण्यात पान न्‌ पान धुऊन शिजवा. मिठाच्या पाण्यात बुडवून अंडी मरत नाहीत. मळ्याला कुत्री येत असतील तर निदान वाफ्यांभोवती काट्यांचं कुंपण घाला.

आणि बोकड कापायच्या आधीच खड्डा खणून ठेवा, दोन-तीन फूट तरी. नंतर म्हटलं की राहून जातं. फोडाचं काळीज, फुप्फुस त्यात टाकून माती दाबा, वर दगड ठेवा, म्हणजे रात्री कुत्री उकरणार नाहीत. बाकीची काळीज-फुप्फुसं कुत्र्याला द्यायचीच असतील तर अर्धा तास खळखळ उकळून द्या. फोड खोलवर, बाहेरून न दिसणाराही असतो.