उंदराच्या हृदयाची सोनोग्राफी: आकडा कधी खरा मानावा?

हृदयविकाराच्या झटक्यानंतर उंदराचे हृदय किती क्षमतेने काम करते, हे मोजण्यासाठी लागणारी इकोकार्डिओग्राफी मी पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी शिकलो. यंत्र हाताळणे काही आठवड्यांत जमले. पडद्यावरचा आकडा कधी खरा मानायचा, हे कळायला मात्र जवळजवळ वर्ष गेले. या कामाकडे नव्याने वळणाऱ्यांना मला मुख्यतः त्याविषयीच सांगायचे आहे.

आधी मापांचा अंदाज घ्यावा. जागेपणी उंदराच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ६०० च्या आसपास पडतात आणि डाव्या जवनिकेचा (शरीरभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्याचा) व्यास, ती पूर्ण भरलेली असतानाही, जेमतेम ४ मिलिमीटर असतो. माणसासाठी २ ते ५ मेगाहर्ट्झचा प्रोब (छातीवर टेकवायचे ध्वनिलहरींचे उपकरण) पुरतो. येथे ३० मेगाहर्ट्झच्या आसपासचा लागतो, कारण जवनिकेची भिंत सुमारे १ मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असते. मिनिटाला ५०० ठोके धरले तरी एक ठोका १२० मिलिसेकंदांत संपतो, त्यामुळे सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम) टिपल्यास एका ठोक्याच्या वाट्याला तीन-चारच येतात आणि आकुंचनाचा नेमका शेवट निसटतो. सेकंदाला २०० हून अधिक चौकटी मिळतील, अशी मांडणी करूनच चित्रण करावे.

भुलीकडे माझे सुरुवातीला पुरेसे लक्ष नव्हते. आयसोफ्लुरेन या भुलीच्या औषधाचे प्रमाण उंदीर झोपवताना २ ते ३ टक्के ठेवतात आणि नंतर १ ते १.५ टक्क्यांपर्यंत खाली आणतात. पण ही केवळ चौकट आहे, खरी खूण म्हणजे ठोक्यांची गती. एका दुपारी घाईत मी एका गटाला भूल जरा जास्त दिली, त्यांची गती ३५० पर्यंत उतरली आणि त्या गटाची हृदये मला कमकुवत वाटू लागली. तो परिणाम आजाराचा नव्हता, भुलीचा होता. तेव्हापासून गती ४५० ते ५०० च्या दरम्यान स्थिरावल्याशिवाय मी चित्रण साठवत नाही. उंदीर गरम पाटावर ठेवून शरीराचे तापमान ३७ अंशांच्या जवळ राखावे आणि जेलही कोमट करून घ्यावे, कारण थंड जेलचा एक गोळासुद्धा एवढ्याशा प्राण्याला चटकन गार करतो.

माझी सर्वांत महाग पडलेली चूक एम-मोडची, म्हणजे एकाच रेषेवरची हालचाल काळानुसार दाखवणाऱ्या चित्रणाची होती. हृदयाचा आडवा छेद पॅपिलरी स्नायूंच्या (जवनिकेच्या आतल्या, झडपांना जोडलेल्या स्नायूंच्या) पातळीवर घ्यायचा, त्यातून एक रेषा टाकायची आणि दोन भिंतींमधले अंतर मोजून इजेक्शन फ्रॅक्शन (भरलेल्या जवनिकेतले किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडते ते) काढायचे, ही पद्धत निरोगी उंदरात सुरेख चालते. मात्र त्या एका रेषेवरून संपूर्ण जवनिकेचे आकारमान काढताना सर्व भिंती सारख्याच हलतात, असे त्या सूत्रात गृहीत धरलेले असते. उंदरात झटका घडवण्यासाठी शस्त्रक्रियेने हृदयाला रक्त पुरवणाऱ्या डाव्या रोहिणीची पुढच्या बाजूने उतरणारी शाखा बांधल्यावर गाठीच्या खालचा भाग, म्हणजे मुख्यतः पुढची भिंत आणि हृदयाचे टोक, मृत होतो. तळाकडचा, म्हणजे टोकाच्या विरुद्ध बाजूचा भाग जिवंत राहतो आणि बऱ्याचदा अधिक जोराने आकसतो. माझी रेषा त्या जिवंत भागातून जात होती, म्हणून माझे उंदीर चार आठवड्यांत बरे झाल्यासारखे दिसत होते. उती कापून रंगवल्यावर तेथे मोठा, पातळ झालेला व्रण आढळला आणि कित्येक आठवड्यांची मोजमापे बाजूला ठेवावी लागली.

त्यामुळे झटक्यानंतरच्या हृदयासाठी बी-मोडमधला (द्विमितीय चित्रातला) लांब अक्षाचा, म्हणजे तळापासून टोकापर्यंतचा छेद घ्यावा, त्यात टोक स्पष्ट दिसते आहे याची खात्री करावी आणि आतली कडा हाताने आखून आकारमान काढावे; शक्य असल्यास वेगवेगळ्या पातळ्यांवरचे आडवे छेद जोडून सिम्पसनच्या पद्धतीने मोजावे. टोक कापले गेले, तर आकारमान कमी भरते आणि हृदय प्रत्यक्षाहून चांगले दिसते. इजेक्शन फ्रॅक्शनसोबत आकुंचनाच्या आणि प्रसरणाच्या शेवटची आकारमानेही नोंदवावीत, कारण जवनिका फुगत चालली आहे की नाही, हे त्या एका टक्केवारीवरून कळत नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत छातीत राहिलेली हवा आणि टाके ध्वनिलहरींच्या आड येतात. अशा वेळी प्रोब दाबण्याचा मोह टाळावा. जखम दुखावते आणि हृदयाचा आकारही बदलतो. पाट किंचित डावीकडे कलवून बरगड्यांमधली फट शोधली, तर बहुधा चित्र मिळते. इन्फार्क्ट, म्हणजे रक्त न मिळाल्याने हृदयाच्या स्नायूचा भाग मृत होणे, खरोखर झाला आहे का, हे याच टप्प्यावर तपासावे. मात्र कोणता उंदीर वगळायचा, याचा निकष शस्त्रक्रियेपूर्वीच, प्राणी-नैतिकता समितीला दिलेल्या आराखड्यात लिहून ठेवलेला असावा. चित्रण करणाऱ्याला आणि मोजणाऱ्याला गट माहीत नसावेत. हे मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण कडा आखताना आपला हात आपल्या अपेक्षेकडे किती सहज झुकतो, हे मी स्वतःच्याच जुन्या फिती गट झाकून पुन्हा मोजल्या तेव्हा पाहिले.

आणखी एक गोष्ट सरासरीत दडून राहते. उंदरांमध्ये झटक्यानंतर साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान जवनिकेची भिंत फाटून मृत्यू येऊ शकतो, आणि नरांमध्ये हे अधिक घडते. असे उंदीर २८ व्या दिवसाच्या मोजमापापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे ज्या गटात अधिक मृत्यू झाले त्याचे उरलेले उंदीर उगाच सुदृढ दिसू शकतात. म्हणून प्रत्येक तक्त्यात सरासरीशेजारी त्या दिवशी जिवंत असलेल्या उंदरांची संख्या मी लिहितो, आणि मेलेल्या प्रत्येक उंदराची छाती उघडून तेथे रक्त साठले होते का, याची तारखेसह नोंद ठेवतो.