हाय टिबियल ऑस्टिओटॉमीनंतर हाड भरेपर्यंत वेदना कशी सांभाळावी

गुडघ्याचे ऑपरेशन झाले म्हटले की ‘वाटी बदलली का?’ हा प्रश्न ठरलेला असतो. येथे मात्र सांधा न बदलता केल्या जाणाऱ्या हाय टिबियल ऑस्टिओटॉमी या शस्त्रक्रियेचा विचार केला आहे. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असून झीज मुख्यतः गुडघ्याच्या आतल्या बाजूला झालेली असेल, तर तुलनेने कमी वयाच्या रुग्णांत नडगीच्या हाडाला सांध्याच्या थोडे खाली आतून छेद देतात, ती फट पाचरीसारखी उघडतात आणि प्लेट व स्क्रूंनी पक्की करतात. पाय सरळ झाल्याने शरीराचा भार झिजलेल्या भागाकडून बाहेरच्या सुस्थितीतील भागाकडे सरकतो.

वेदना कमी होण्याचे कारण यातच आहे. कूर्चेत, म्हणजे सांध्यातील हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणात, चेतातंतू नसतात. दुखते ते मुख्यतः तिच्याखालचे, वर्षानुवर्षांच्या दाबाने कठीण व जाड झालेले हाड आणि सांध्याचे सुजलेले आतील आवरण. भार उतरल्यावर या हाडाचा अनैसर्गिक कठीणपणा हळूहळू कमी होऊ लागतो. छेद दिलेली फट मात्र बाहेरच्या, न कापलेल्या कडेकडून आतल्या बाजूकडे भरत येते आणि त्याला साधारणतः 3 ते 6 महिने, फट मोठी असल्यास त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणजेच जुने ठणकणे पुष्कळदा हाड पक्के होण्याआधीच थांबते, आणि नेमक्या याच काळात रुग्ण उत्साहाने वॉकर बाजूला ठेवतो. दुखत नाही म्हणून हाड जुळले, असे समजू नये. ते एक्स-रे पाहून शल्यविशारदांनीच सांगायचे आहे.

पायावर किती भार द्यायचा याचे प्रमाण ठरवून दिलेले असते, पण ‘थोडा भार द्या’ या सूचनेतून काहीच कळत नाही. घरातील वजनकाटा जमिनीवर ठेवून, वॉकरच्या आधाराने त्यावर ऑपरेशनचा पाय टेकवावा आणि सांगितलेल्या किलोच्या आकड्यावर काटा येईल तेव्हा तळव्याला दाब कसा जाणवतो, हे लक्षात ठेवावे. चार-पाच दिवस हा सराव केला की पायाला अंदाज येतो.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वेदनाशामक गोळी दुखणे असह्य होण्याची वाट न पाहता ठरवून दिलेल्या वेळी घ्यावी, म्हणजे व्यायामही नीट होतो. पॅरासिटामॉल घेत असल्यास सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांतही तेच औषध असते, हे विसरू नये. सूज उतरवणाऱ्या इतर वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नयेत. मूत्रपिंड, आम्लपित्त आणि रक्त पातळ करणारी औषधे यांचा प्रश्न तर आहेच, शिवाय काही गोळ्यांमुळे हाड भरण्यास विलंब होऊ शकतो अशी शंका घेतली जाते. टॉवेलात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटे ठेवणे आणि पाय हृदयापेक्षा उंच ठेवून घोटा वर-खाली हलवणे, हे उपाय साधे असले तरी सूज उतरवण्यास उपयोगी पडतात. उशी गुडघ्याखाली ठेवल्याने बरे वाटते, पण गुडघा वाकलेलाच आखडतो. म्हणून घडी केलेली चादर टाचेखाली ठेवावी. कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी असल्यास प्लेटवर दाब येत नाही.

तंबाखू, गुटखा, मिश्री आणि धूम्रपान पूर्ण बंद करावे. निकोटिनमुळे रक्तपुरवठा घटतो आणि हाड भरण्यास उशीर होतो. मिश्रीला व्यसन न मानणाऱ्या घरांत हे विशेष बजावून सांगावे लागते. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवावी.

पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, धाप लागली, जखमेतून पू आला किंवा ताप चढला, तर त्वरित रुग्णालय गाठावे. पहिल्या काही दिवसांत औषधाला न जुमानणारी, बोटे हलवताच वाढणारी वेदना आणि पावलाला बधिरपणा ही तर तासाभराचाही उशीर परवडणारी लक्षणे नव्हेत. नंतरच्या आठवड्यांत पाय मुरगळून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला अचानक कळ आली, तर तेथील न कापलेली कड तडकली असण्याची शक्यता असते. भार देणे लगेच थांबवून एक्स-रे काढावा.

हाड पूर्ण भरल्यावरही नडगीच्या आतल्या बाजूला कातडीखाली प्लेट हाताला लागते आणि मांडी घालताना टोचते. हे दुखणे संधिवाताचे नसते. त्रास फार असल्यास हाड पक्के झाल्याची खात्री करून, बहुधा वर्ष-दीड वर्षानंतर, प्लेट काढता येते.