उद्दिष्टाच्या कागदावर मुलांची नावं हवीत

जवळपासच्या चौदा शाळांच्या गटाची, म्हणजे केंद्राची, केंद्रप्रमुख झाले त्या वर्षी पहिल्याच शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, मी फळ्यावर लिहिलं होतं, 'मार्चअखेर केंद्रातली १०० टक्के मुलं प्रगत.' चौदाही मुख्याध्यापकांनी ते वहीत उतरवून घेतलं. जानेवारीत अहवाल आले, त्यात बारा शाळा १०० टक्के. फेब्रुवारीत त्यातल्याच एका शाळेत दुसरीतल्या एका मुलीला शेजारी बसवून घेतलं. धडा तिनं खडाखडा म्हणून दाखवला, पण बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचव्या ओळीवर. मी पुढचं, अजून न शिकवलेलं पान उघडलं. तिनं 'क' ओळखला, काना ओळखला आणि माझ्याकडे बघत राहिली. धडा तिला पाठ होता. अहवालात ती प्रगत होती.

दोष तिच्या बाईंचा नव्हता. मी उद्दिष्टच असं दिलं होतं की त्याला खरं उत्तर देण्याची कुणाला सोयच नव्हती. तेव्हापासून पद्धत बदलत बदलत आज जी हाताशी आहे, ती नव्या केंद्रप्रमुखांसाठी, विस्तार अधिकाऱ्यांसाठी आणि मुख्याध्यापकांसाठी लिहिते आहे.

सुरुवात जुलैत करा. शाळा उघडल्यावर पहिले दोन आठवडे मुलं रुळू द्या, मग प्रत्येक मूल एकेकटं बसवून तपासा. लेखी पायाभूत चाचणीचे गुण कामाचे असतात, पण लहान वर्गांत वाचन कानानंच तपासावं लागतं. भाषेचे पाच स्तर पुरतात: सुरुवात (अजून अक्षरही ओळखत नाही), अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद. गणितात संख्याज्ञान आणि क्रिया वेगळ्या नोंदवा. हातच्याची बेरीज येते पण हातच्याची वजाबाकी अडते, अशी मुलं प्रत्येक शाळेत सापडतात. 'गणित कच्चं' एवढं लिहिलं तर त्या मुलाला नेमकं काय शिकवायचं ते कळत नाही.

वाचायला द्यायचा उतारा पाठ्यपुस्तकातला नको. त्या मुलीनं मला शिकवलेली ही पहिली गोष्ट, आणि यात मी आजही सूट देत नाही.

आता उद्दिष्ट. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालं आणि २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यावं असं त्यानं ठरवलं. त्यातली लक्ष्यं नेमकी आहेत: दुसरीअखेर अपरिचित मजकूर मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि ९९९ पर्यंतच्या संख्या, तिसरीअखेर किमान ६० शब्द आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या. दिशा म्हणून ही पक्की धरा. मात्र घड्याळ लावून मराठी ऐकताना एक भान ठेवा. आपल्या भाषेत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. 'झाडाखालच्यांनासुद्धा' हा मोजायला एकच शब्द, पण वाचणाऱ्या मुलाला किती लांब! म्हणून शब्द मोजून झाले की दोन प्रश्न विचारायचेच. वेगानं वाचून काहीच न समजलेलं मूल माझ्या नोंदीत 'वाचतं' या रकान्यात जात नाही.

शेवटचं लक्ष्य सगळ्यांना सारखं असलं तरी या वर्षीचा टप्पा प्रत्येक मुलाचा वेगळा असतो. चौथीतलं मूल अक्षरावर अडलं असेल तर त्याचं डिसेंबरचं उद्दिष्ट 'जोडाक्षरविरहित वाक्य वाचणे' हे आहे, चौथीची अध्ययन निष्पत्ती (त्या इयत्तेत मुलाला जे यायला हवं ते) नव्हे. ती निष्पत्ती सोडून द्यायची नाही, फक्त वाट आखून घ्यायची. त्यामुळे शाळेच्या उद्दिष्टाचा कागद असा दिसतो: डावीकडे मुलाचं नाव, मग जुलैचा स्तर, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च. टक्केवारी लागलीच तर खाली, एका ओळीत.

आपल्याकडच्या छोट्या शाळांत टक्केवारी फसवतेही. तिसरीत चार मुलं असतील तर एका मुलामागे २५ टक्के. एकाला ताप आला की शाळा '७५ टक्क्यांवर घसरली'. शिवाय गेल्या वर्षीची तिसरी आणि या वर्षीची तिसरी ही वेगवेगळी मुलं. त्यांची तुलना करून शाळा सुधारली की बिघडली हे ठरवू नका. तीच मुलं दुसरीत कुठे होती आणि आता कुठे आहेत, ते बघा.

उद्दिष्टं किती घ्यायची? केंद्रासाठी दोन, फार तर तीन. एका वर्षी आमची नऊ होती. ती कुणाला पाठही नव्हती.

देखरेखीत खरी मेहनत आहे. शाळेत गेल्यावर मी आधी हजेरीपत्रक मागते आणि त्यातला प्रत्येक तिसरा क्रमांक पुढे बोलावते. 'सर, चांगली मुलं आणू का?' हा प्रश्न मग उरत नाही. सहा मुलं, प्रत्येकी चार मिनिटं. माझी नोंद आणि शिक्षकांची नोंद शेजारी शेजारी ठेवते. फरक आढळला तर शेरेपुस्तकात लगेच लिहीत नाही. आधी दोघं मिळून त्या मुलाला पुन्हा ऐकतो. बऱ्याचदा नवख्या माणसासमोर मूल घाबरलेलं असतं, आणि बाईंचीच नोंद बरोबर निघते.

सप्टेंबर आणि डिसेंबरची तपासणी शेजारच्या शाळेतल्या शिक्षकांनी अदलाबदलीनं करावी. याला एक अट आहे आणि ती वरिष्ठांनी पाळायची: या आकड्यांवरून नोटीस निघणार नाही. आकड्याची भीती बसली की आकडा सुधारतो आणि मूल तिथंच राहतं. हे मी स्वतःच्या केंद्रात घडवून बसले होते, म्हणून इतक्या ठामपणे सांगते.

मुलाच्या स्तराबरोबर कामही मोजा. आमच्याकडे रोज ४० मिनिटं स्तरानुसार गट असतात, इयत्ता बाजूला ठेवून. महिन्यात हा तास किती दिवस झाला, एवढी एकच नोंद मी मागते. एका द्विशिक्षकी शाळेत डिसेंबरला काहीच हललं नव्हतं. वही उघडली तर नोव्हेंबरात तास फक्त सहा दिवस झालेला. एक शिक्षक मतदारयादीच्या कामावर, दुसऱ्याकडे चार वर्ग. तिथं शिकवण्याच्या पद्धतीवर प्रशिक्षण देऊन काय होणार? मी वरिष्ठांकडे दिवसांचा हिशोब घेऊन गेले आणि गावातली एक बारावी झालेली मुलगी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत गटाला मदतीला आली. मार्चपर्यंत सातातली पाच मुलं एक स्तर पुढे सरकली.

शिक्षण परिषदेत आता शाळानिहाय क्रमवारी लावत नाही. प्रत्येक शाळा दोन मुलांबद्दल बोलते: एक पुढे सरकलेलं, एक अडकलेलं. अडकलेल्याबद्दल इतर शिक्षक सुचवतात, आणि पुढच्या महिन्यात त्याच मुलापासून सुरुवात होते. जोडाक्षरांवर अडलेल्या एका मुलासाठी कुणीतरी सुचवलं की त्याच्या घरच्यांची नावं लिहून दे. 'लक्ष्मी', 'कृष्णा', 'ज्ञानेश्वर'. जोडाक्षरं त्याच्या घरातच होती.

पालकांना कागद दाखवा, पण 'तुमचा मुलगा शब्द स्तरावर' असं सांगून त्यांना काही कळत नाही. त्यांच्यासमोर मुलाला वाचायला लावा.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं दिवाळीच्या सुमारास हलतात. त्यांचा डिसेंबरचा रकाना रिकामा ठेवून चालत नाही. त्यांचं उद्दिष्ट ऑक्टोबरचं ठरवा, निघण्याआधी तपासा आणि स्तराची चिठ्ठी पालकांकडे द्या. तिकडे शाळा मिळाली तर तिथल्या गुरुजींना पुन्हा अक्षरापासून सुरुवात करावी लागत नाही.

एप्रिलमध्ये हाच कागद पुढच्या वर्गाच्या शिक्षकांच्या हातात समोरासमोर द्यायचा. चौथीनंतर दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलांचा कागद मी स्वतः नेऊन देते. गेल्या वर्षी अशी एकोणीस नावं होती. त्यांतली तीन अजून वाक्यावर होती, आणि त्या तिघांबद्दल पाचवीच्या सरांशी बोलायला मला पाऊण तास लागला.